इंदूकाकीचा अभिप्राय

तरुणपणच्या आठवणींतलं हे प्रकरण मी आजवर चार वेळा लिहायला घेतलं आणि चारही वेळा दुसऱ्याच कशावर तरी लिहून मोकळा झालो. एकदा आमच्या बैलांवर लिहिलं, एकदा नदीच्या पुरावर, एकदा शाळेत खाल्लेल्या छड्यांवर आणि चौथ्या वेळी तर माझ्या मूळव्याधीवर, जी मला तरुणपणी नव्हतीच. ज्या गोष्टीपेक्षा मूळव्याधीबद्दल चारचौघांत सांगणं सोपं वाटावं, ती गोष्ट आता सांगतो. नावं बदलली आहेत. यापूर्वी एकदा मी नाव बदलल्याच्या भरवशावर राहिलो होतो आणि त्याचं काय झालं तेच पुढे येणार आहे, त्यामुळे या वेळी गावाचंही नाव लिहीत नाही. कर्जत आणि खालापूर यांच्या मधल्या रस्त्यावर कुठेतरी, एवढं पुरे.

त्या वर्षी मी इंटरला नापास होऊन घरी बसलो होतो. नापास झालो होतो तर्कशास्त्रात, पण मी सर्वांना सांगत होतो की विद्यापीठीय शिक्षणावरचा माझा विश्वास उडाला आहे. दादा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "इस्वास उडला तर उडू दे, गोठ्याची कौलं उडल्यात ती घाल." मी कौलं घातली, पण खिशात पेन ठेवून. आपण समीक्षक होणार हे माझं ठरलं होतं. समीक्षक म्हणजे नेमकं काय करतात हे मला नीट ठाऊक नव्हतं, पण ते इतरांच्या लिहिण्यात काय कमी आहे ते सांगतात, आणि त्यासाठी स्वतः काही लिहावं लागत नाही, हे कळलं होतं आणि ते मला मानवण्यासारखं होतं. दर पंधरवड्याला मी एसटीने कर्जतच्या वाचनालयात जायचो आणि जाडजूड पुस्तकं आणायचो. ती मी ओटीवर बसून वाचायचो, आणि रस्त्यावरून कुणी जाताना दिसलं की पान उलटायचो.

आमच्या घराला मागच्या बाजूला लांब पडवी होती. दुपारी तिथे सावली असायची आणि वारा यायचा, म्हणून आळीतल्या बायका जेवणं उरकली की आपापलं काम घेऊन तिथे जमायच्या. भातकापणी होऊन वालाचं पीक निघालं की दिवसाआड कुणाकडे तरी बिरडं असे. भिजवून, फडक्यात बांधून मोड आणलेले वाल कोमट पाण्यात घालायचे आणि एकेक दाणा चिमटीत धरून सालातून सोडवायचा. पाचसहा बायका सोलायला बसल्या की साल सुटल्याचा बारीक, ओलसर आवाज सतत येत राहायचा, त्यात बोलणं, त्यात कुणाच्या तरी सासूची नक्कल, आणि सगळ्यावर मोडांचा तो कडवट वास. मला हे सगळं अत्यंत सामान्य वाटे. आज नेरळच्या दुकानात सोललेले वाल प्लास्टिकच्या पिशवीत मिळतात, ते मी आणतो, आणि घरी आणल्यावर पिशवी उघडून आधी वास घेतो. आमच्या सूनबाईंना वाटतं, माल शिळा आहे की काय ते बघतोय.

एक दिवस आई म्हणाली, "एवढी पुस्तकं आनतोस, बायामानसांचं कायतरी आन की. आमी सोलताना आईकू." मी उपकार केल्यासारखा चेहरा करून कर्जतहून एक कादंबरी आणली. 'उंबऱ्याआतली लढाई' असं तिचं नाव होतं. लेखिका पुण्याच्या होत्या. गावातले पुरुष लढाईवर गेल्यावर मागे राहिलेल्या बायकांची ती गोष्ट होती. मी ती आणली ती तिचे दोष दाखवता यावेत म्हणून. पण दोष दाखवण्याआधी वाचावी लागते, आणि वाचायची तर मोठ्याने, असं ठरून मी पडवीच्या खांबाला टेकून बसलो.

बारा दुपारी लागल्या. मी प्रकरणाच्या शेवटी थांबून काही भाष्य करायला जावं, तर बायकांचं आधीच सुरू झालेलं असे. बायजाआत्या म्हणून एक होती, कुणाची आत्या ते ठाऊक नाही, सगळ्यांचीच होती. ती म्हणाली, "ही बाय दर दोन पानांनी रडतीय. हिचं भात कोन लावतंय?" आईला नायिकेच्या स्वयंपाकाविषयी शंका होती. नवऱ्याचं पत्र आलं म्हणून नायिका पुरण घालते, आणि मागच्याच प्रकरणात घरात गूळ नाही म्हणून चहा बिनगोडाचा प्यायलेला. "गूळ कुठून आला ते बघ रं मागं जाऊन," आई म्हणाली. मी मागे जाऊन पाहिलं, गुळाचा पत्ता नव्हता. कादंबरीतली सासू दुष्ट होती, ते तिथल्या दोन सासवांना अजिबात पटलं नाही. "नवरा हिचा गेला, पर पोरगा तिचा गेलाय ना. तिच्या पोटात काय व्हतं ते एक पान तरी लिवायचं." मी हे ऐकून मनातल्या मनात हसायचो. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवल्यावर आज कबूल करतो की त्या कादंबरीचं त्याहून चांगलं परीक्षण मी कुठे वाचलं नाही, आणि मी केलेलं तर नाहीच नाही.

या सगळ्यात इंदूकाकी मात्र बोलत नसे. तिचं घर आमच्या समोर. तिचा नवरा शांतारामकाका हा गावातला एकुलता एक फौजी. लढाईच्या वेळी तो तिकडे सरहद्दीवर होता, मग पेन्शन घेऊन परत आलेला. त्यानंतर झालेली त्यांची मुलगी तेव्हा रांगत होती. माणूस शिस्तीचा. शेतावर जातानाही दाढी केलेली, आणि बुटांना पॉलिश. बांधावर बूट काढून ठेवायचे, चिखलात उतरायचं, वर आल्यावर पाय धुऊन पुन्हा बूट घालायचे. आम्ही पोरं हसायचो, पण लांबून. मला नदीत पोहायला त्यानेच शिकवलं होतं. पोटाखाली हात धरून म्हणायचा, "घाबरू नको, मी सोडनार नाय," आणि खरोखर सोडायचा नाही.

शेवटच्या प्रकरणात नायिकेचा नवरा परत येतो, ती त्याच्या पायावर डोकं ठेवते आणि पुस्तक संपतं. त्याखाली बारीक टाइपात छापलं होतं : 'वाचक भगिनींनी आपला अभिप्राय खालील पत्त्यावर जरूर कळवावा.' मी ते वाचून पुस्तक मिटलं. बायजाआत्या म्हणाली, "मिटलंस काय? तिनं इचारलंय ना, कसं वाटलं म्हनून. कळवाय नको?" मी सांगू लागलो की तसं सगळेच छापतात, ती एक पद्धत असते. पण त्या बायकांना हे पटेना. जेवू घालणाऱ्या बाईने वाढताना विचारावं, मीठ बरोबर आहे का, आणि कुणीच उत्तर देऊ नये, तसं ते त्यांना वाटत होतं. तेव्हा मी वही आणली आणि एकेकीचं उतरवून घेऊ लागलो. गुळाचं झालं, सासूचं झालं, भातलावणीचं झालं.

मग इंदूकाकी म्हणाली, "माझं पन लिव."

सालं काढता काढता, मान वर न करता ती बोलली. तिचे शब्द मला आजही जसेच्या तसे आठवतात, कारण नंतर ते मी फार वेळा वाचले. "हिचा नवरा आला तवा ही पाया पडली. मला तसं नाय झालं. ह्यो गेला ते चौदा महिनं मी गरम भाकरी खाल्ली. तव्यावरची, पयली. कुनाचं व्हायची वाट नाय बघितली. खालापूरला एकटी जाऊन वाल इकले, कुनी इचारलं नाय कुठं चाललीस. रातीला झोप लागायची, दगडावानी. लोकं म्हनायची, बिचारी. मी पन बिचारीवानी तोंड करायचे. मंग कागद आला, येतोय म्हनून. गोठ्यात जाऊन रडले. लोकांना वाटलं आनंदानं."

पडवीत कुणीच सोलत नव्हतं.

"ह्यो वाईट नाय हां," ती घाईने म्हणाली. "मारत नाय, पीत नाय. पर त्यो घरात असला का घर त्याचं आसतं. मला वाटलं, मी एकलीच अशी पापीन का आनखी कोन हाय. हिनं एवढं बायकांचं लिवलंय, हिला ठावं आसंल. तेवढं इचार तिला. तिलाच फकस्त."

बायजाआत्याने पुन्हा एक दाणा उचलला. "आमचा कुठं लढाईवर बी गेला नाय," ती म्हणाली, आणि मग सगळ्या एकदम हसल्या, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. मी त्या हसण्यात नव्हतो. मी वही मिटून बसलो होतो आणि माझ्या हाताला काहीतरी मोठं लागलं आहे एवढंच मला कळत होतं.

त्या रात्री मी दोन गोष्टी लिहिल्या. एक, लेखिकाबाईंना पत्र. ते लिहिताना मला लाज वाटू लागली. एवढ्या पुण्याच्या बाई, त्यांना गूळ कुठून आला हे विचारायचं? तेव्हा मी सगळ्यांचे अभिप्राय सुधारले. गुळाचं काढून 'कौटुंबिक जीवनाचे हृद्य चित्रण' असं घातलं. सासूचं 'व्यक्तिरेखाटन प्रत्ययकारी' झालं. आणि इंदूकाकीच्या नावापुढे लिहिलं, 'माझे पती रणांगणी असताना मी जो अभिमान अनुभवला, तोच आपल्या लेखणीतून साकारला आहे.' हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं.

दुसरी गोष्ट म्हणजे लेख. कर्जतहून तेव्हा एक चार पानी साप्ताहिक निघायचं. त्याच्यासाठी मी 'ग्रामीण स्त्रीची वाचनाभिरुची : एक चिंतन' नावाचा लेख लिहिला, आणि काकीने सांगितलेलं सगळं, भाकरी, वाल, झोप, गोठा, त्यात जसंच्या तसं घातलं. खरं काय आहे आणि ते किती चांगलं आहे हे मला कळत होतं, एवढा मी गाढव नव्हतो. फक्त ते जिला पाठवायचं तिला मी खोटं पाठवलं आणि जिथे छापायचं नाही तिथे खरं पाठवलं. नाव मात्र मी अत्यंत जबाबदारीने लपवलं. 'आमच्या गावातील श्रीमती क्ष, ज्यांचे पती सीमेवर लढले,' असं लिहिलं. गावात सीमेवर लढलेला पती एकच आहे, ही गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. तर्कशास्त्रात मी उगाच नापास झालो नव्हतो.

लेख छापून आला. साप्ताहिकाचा गठ्ठा सकाळच्या एसटीने यायचा आणि थांब्यावरच्या हॉटेलात पडायचा. त्या दिवशी मी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून आधीपासूनच तिथे जाऊन बसलो होतो. कुणीतरी सहज म्हणालं, "दत्तू, तुझं नाव छापलंय वाटतं," आणि मी आढेवेढे घेतल्यासारखं करून वाचायला उभा राहिलो. उभं राहायची काही गरज नव्हती. माझा आवाज तेव्हा चांगला होता, बारा दुपारी वाचून तापला होता. पहिले दोन परिच्छेद लोकांनी चहात बुडवून घेतले. मग भाकरी आली आणि माना वर झाल्या. कुणीतरी हसलं. "ही क्ष कोन रं?" एकाने विचारलं. "गावात मिल्ट्रीवाला एकच हाय," दुसरा म्हणाला, आणि म्हणता म्हणता त्याचा आवाज बसला, कारण माझ्या मागच्या बाकावर शांतारामकाका बसलेला होता. मी आल्यापासून तो तिथेच होता. मी आल्यापासून फक्त एसटीच्या वाटेकडे बघत होतो.

मी थांबलो. काका म्हणाला, "वाच. पुरं वाच."

आवाज चढा नव्हता. नदीत "पाय मार" म्हणायचा, तसाच होता. आणि मी वाचलं. गोठ्यातलं रडणं वाचलं, 'लोकांना वाटलं आनंदानं' हेही वाचलं, आणि त्याखालचा माझा स्वतःचा समारोप, ज्यात 'स्त्रीमनाचा तळ' असे शब्द होते, तोही वाचला. मला कागद फाडता आला असता, पळता आलं असतं, चक्कर आल्याचं सोंग करता आलं असतं. आज्ञाधारकपणा माझ्या अंगात फार होता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे लेख मध्येच तुटतोय हे मला बघवत नव्हतं.

वाचून झाल्यावर काकाने विचारलं, "हे तिनं सांगितलं?"

आता या जागी नीट थांबतो, कारण एवढ्यासाठीच हे प्रकरण आहे. मी म्हणू शकलो असतो, नाही काका, मी रचलं. लोकांनी मला चोपलं असतं आणि दोन दिवसांत विसरले असते. नाहीतर खरं सांगू शकलो असतो, की तिने हे एका बाईला विचारायला सांगितलं होतं, आणि गावाला मी सांगितलं. मी म्हणालो, "तिनंच लिही म्हणून सांगितलं."

"बरं," काका म्हणाला. उरलेला चहा शेवटपर्यंत प्यायला, कप बशीत नीट ठेवला आणि गेला.

त्याने तिला हात लावला नाही, आवाजही केला नाही. पंधरा दिवसांत भिवपुरीकडे पहारेकऱ्याची नोकरी धरली आणि तिथेच खोली घेऊन राहिला. जाताना म्हणाला म्हणे, "तुला झोप लागू दे." पुढे वर्षानुवर्षं तो सणासुदीला यायचा, ओटीवर पाहुण्यासारखा बसायचा, आणि ताट समोर आलं की विचारायचा, "तुझं झालं का जेवन?" तिचं झाल्याशिवाय घास तोंडात घालायचा नाही. हे त्याचं रागावणं होतं की त्याला खरंच काही कळलं होतं, हे कुणालाच सांगता आलं नाही. काकी एकदा आईला म्हणाली, "त्याच्या त्या इचारन्यानं घास उतरत नाय माझा." गावाने मात्र लगेच निकाल लावला : हिने नवऱ्याला घरातून घालवला. पाणवठ्यावर तिच्यासाठी जागा होईना. आणि पडवीत बायका यायच्या थांबल्या. कुणाच्या नवऱ्याने सांगितलं, कुणी आपणहून. बायजाआत्या तेवढी एकदा दारात उभी राहून मला म्हणाली, "मला बी एक सांगायचं व्हतं रं. बरं झालं, र्‍हायलं."

महिन्याभराने लेखिकाबाईंचं उत्तर आलं. सुवाच्य अक्षर, सगळ्या भगिनींचे मनापासून आभार, आणि शेवटी 'सौ. इंदूताईंसारख्या अभिमानी वीरपत्नींचा अभिप्राय मला सर्वांत मोलाचा वाटतो.' हे काकीला वाचून दाखवणं शक्यच नव्हतं. ती मला रस्त्यात भेटली की आजूबाजूला बघून हळूच विचारायची, "दत्तू, त्या बायचं काय आलं का रं?" लेखाबद्दल एक शब्द नाही. मी जे केलं त्याचा जाब तिने मला कधी विचारला नाही, फक्त उत्तर आलं का तेवढं. मी म्हणायचो, "नाही काकी." तीन-चार वेळा विचारलं असेल. शेवटच्या वेळी म्हणाली, "तिला बी वंगाळ वाटलं आसंल. जाऊ दे. नको धाडू आनखी." मी मान हलवली. मान हलवण्यात मी आता पटाईत झालो होतो.

पुढे मी पास झालो, मास्तर झालो, आणि पस्तीस वर्षं पोरांना शिकवलं की पुस्तकावर अभिप्राय लिहिताना प्रामाणिक असावं. पाच मार्कांचा प्रश्न असायचा. आज माझ्या मोबाइलवर मी काही लिहून टाकलं की लोक अंगठा दाखवतात, आणि मला त्या अंगठ्यांचं फार बरं वाटतं, त्यात कुणी काही विचारत नाही.

माफी मागायला मी गेलो नाही असं नाही. पुष्कळदा गेलो. शांतारामकाका भिवपुरीलाच वारला, तेव्हा दहाव्याला गेलो आणि घाटावर मांडव घालायला मदत करून आलो. काकीच्या मुलीच्या लग्नात गेलो, पंगतीत वाढलं. दर वेळी वाक्य तयार असायचं आणि दर वेळी मी त्याऐवजी काहीतरी काम करून यायचो. गेल्या उन्हाळ्यात कळलं की काकी आता नेरळला लेकीकडे, त्या नव्या उंच इमारतींपैकी एकीत राहते. लिफ्टने सातव्या मजल्यावर गेलो. नव्वदीच्या घरातली बाई, खुर्चीत एवढीशी होऊन बसली होती. मला ओळखलं. "दत्तू काय रं? म्हातारा झालास की," म्हणाली. लेकीने सांगितलं, "दत्तूदादा, मोठ्यानं बोला. तिला आयकू येत नाय. एकदम वरडायला लागतं."

मी खुर्ची जवळ ओढली. घरात लेक होती, जावई होता, शेजारच्या दोघी टीव्ही बघायला आल्या होत्या, आणि दार उघडं होतं. मी तोंड तिच्या कानाजवळ नेलं आणि हळू म्हणालो, "काकी." तिने कानामागे हात धरला. "काय?" मी थोडं मोठ्याने म्हणालो. "काय बोलतोस? मोठ्यानं बोल." शेजारणींनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. लिहून द्यावं तर तिला वाचता येत नव्हतं. लेकीला वाचून दाखवायला सांगावं, तर तिने ते ओरडूनच वाचलं असतं. तिची गोष्ट मी एकदा भर हॉटेलात उभा राहून वाचली होती, आणि आता माझी माफी तशीच वाचल्याशिवाय तिच्या कानापर्यंत पोचणार नव्हती. मी ओरडून विचारलं, "तब्येत बरी हाय ना?"

"हाय," ती म्हणाली. "तू जेवून जा."

मी जेवलो नाही, काम आहे म्हणालो. पावसाळा संपता संपता ती गेल्याचं कळलं. वाक्य अजून माझ्याकडेच आहे. एवढ्या वर्षांत घासून घासून बरंच लहान झालंय, आणि त्यातले सगळे चांगले शब्द मी काढून टाकले आहेत : काकी, उत्तर आलं होतं, पण ते तुझ्या बोलण्याला नव्हतं, कारण तुझं बोलणं मी त्या बाईंना पाठवलंच नाही, त्यांना वंगाळ वाटलं नव्हतं, त्यांना काही ठाऊकच नव्हतं, आणि तू पापीण नव्हतीस, हे मला त्याच दुपारी पडवीत ठाऊक होतं.